अकरा तारखेचा दिनविशेष

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

पुढच्या आठवड्याचा परिपाठ माझ्याकडे! म्हणजे मंगळवारी फळ्यावर दिनविशेष मीच लिहायचा – ११ नोव्हेंबर. दरवर्षी त्या दिवशी रजा टाकते. यंदा शाळेत शिक्षक आम्ही दोघंच, हेडमास्तर आणि मी. हेडमास्तर म्हणाले, "तेजलबाई, यंदा रजा नाही."

७ नोव्हेंबर

माझा भाऊ सूरज नाचतच घरी आला. दर्शन तांडेलानं त्याला बोटीवर खलाशी म्हणून घेतलंय. पहिली फेरी मंगळवारी. मासळी कापता कापता आईचा हात थांबला. "अकराला? त्या तारखेला या घरातला माणूस पाण्यावर जायचा नाय."

नाही गेलो तर जागा दुसऱ्याची, सूरज म्हणाला. आई उठून मागीलदारी गेली. सोळा वर्षं हेच – फयान वादळात बाबा गेले, तेव्हापासून.

८ नोव्हेंबर

"तू शिकलेली. तुझं ऐकेल तो. थांबव त्याला." आईचं सकाळपासून तीनदा!

९ नोव्हेंबर

वारा पूर्ण पडलाय. पूर्णगडची खाडी तेलासारखी सपाट. मला नाही आवडत हे.

आज लिहूनच टाकते. त्या वर्षी मी बारा वर्षांची. दहा तारखेला संध्याकाळी शेजारचे गुणाजीकाका दारात आले. बाबा बाजारात गेले होते. "बापाला सांग, पाणी बरं दिसत नाय. उद्या होडी काढू नको म्हणावं." मी हो म्हणाले, आणि लगोरी खेळायला पळाले. विसरले. पहाटे बाबा गेले. परत आलेच नाहीत.

तारखेनं काहीच केलेलं नाही. हे मला एकटीला माहीत आहे. आणि मी सूरजला काय म्हणून थांबवू?

१० नोव्हेंबर

आईला दिनविशेष वाचून दाखवला. पहिलं महायुद्ध याच दिवशी थांबलं, आई. राष्ट्रीय शिक्षण दिनही उद्याच. तारखेत वाईट असं काही नसतं गं!

"ती लढाई माझ्या घरात नव्हती," आई म्हणाली.

११ नोव्हेंबर

सूरज पहाटे गेला. मी थांबवलं नाही.

फळ्यावर युद्ध लिहिलं, शिक्षण दिन लिहिला. खडू मोडला. फयान लिहिलं नाही. सूरजचा फोन दुपारपासून लागत नाही. आई उंबऱ्यावर बसून, जेवलीही नाही. मला ते बघवेना. सगळं सांगून टाकलं – काका, निरोप, लगोरी.

तिनं मान वर केली नाही. "ठाऊक हाय. गुणाजीनं तेव्हाच सांगितलंन. दोष कोणावर तरी घालायला हवा होता. तारखेवर घातला. तू पोर होतीस."

मी रडत बसले. तिनं जवळ घेतलं नाही.

१२ नोव्हेंबर

सूरज आला! धडधाकट, मासळी घेऊन.

आई त्याला म्हणाली, "तारखेचा दोष नव्हता रे." म्हणाली त्याला. बघत होती माझ्याकडे.