डोळा लागला

प्रिय धाकट्या,

परवा तुझा मनोरा बघून आले. ‘तुझा’ म्हणते, कारण दारावरच्या पाटीवर संग्रहालयाचा संचालक म्हणून तुझंच नाव आहे. आपण वाढलो ती तळाची खोली आता तिकीटघर झाली आहे. आईची चूल होती तिथे शोभेच्या बोटी विकायला मांडल्यात. दगड घासूनपुसून उजळ केलेत, दुर्बीण काचेच्या पेटीत. मनोरा इतका स्वच्छ कधीच नव्हता; माणसं राहत होती ना तिथे.

मग भिंतीवरच्या कर्ण्यातून तुझा टेप केलेला आवाज आला. तोफा, वादळं, गलबतं, सगळं झकास सांगतोस. आणि मग ती बोट. ‘इंजिन बंद पडलेली, प्रवाशांनी भरलेली बोट वाऱ्याबरोबर खडकांकडे वाहत चालली होती, आणि मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याचा डोळा लागला होता.’ त्यापुढे तू क्षणभर थांबतोस. लोकांना हसायला जागा ठेवतोस. सभेत कुठे थांबायचं हे तुला मीच शिकवलं होतं, म्हणून ती जागा मला बरोबर ऐकू आली. लोक हसलेही. कुणीतरी घोरण्याचा आवाज काढला.

‘पहारेकऱ्याचा’! बाबांचा म्हणायला जीभ रेटली नाही?

आपल्या मनोऱ्यावर डोळा लागणं म्हणजे काय, हे जगाला ठाऊक नसेल. तुलाही नाही? पाळी बदलताना नवा माणूस वर जायचा, दुर्बिणीला डोळा लावायचा आणि जिन्यातून खाली ओरडायचा, ‘डोळा लागला!’ म्हणजे आता समुद्र माझ्या ताब्यात, तू सुटलास. ते ऐकल्याशिवाय जुन्याने पायरी उतरायची नाही. ती हाळी ऐकून आई चहाचं आधण ठेवायची. तू तर कागदाची सुरळी डोळ्याला लावून घरभर ‘डोळा लागला’ करत फिरायचास आणि अभ्यासातून सुटका मागायचास.

चौकशीच्या दिवशी तू जेमतेम शाळेत जाऊ लागलेला, घरी होतास. मी बाबांचा डबा घेऊन मागच्या बाकावर बसले होते. साहेबाने विचारलं, बोट वाहत होती तेव्हा तू काय करत होतास? बाबा ताठ उभे राहून म्हणाले, ‘माझा डोळा लागला होता, साहेब. धोक्याची घंटा मीच दिली.’ पहिल्या वाक्यालाच कचेरीभर हशा पिकला. त्या हशात घंटा बुडाली. बंदराची लाँच साहेबाच्या पाहुण्यांना फिरवायला गेली होती, म्हणून मदतीला कुणी निघालं नाही, हेही बुडालं. बाबा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. लोक का हसतात ते त्यांना कळेना. कळलं तेव्हा शिपाई त्यांना बाहेर काढत होता. त्यानंतर ते समुद्राकडे तोंड करून कधी बसले नाहीत.

हे सगळं मी तुला तू मोठा झाल्यावर सांगितलंय, एकदा नव्हे. तू म्हणशील, सरकारी अहवालात असंच आहे, ताई. असेलच! ज्याची लाँच सहलीला गेली होती, त्यानेच तो अहवाल लिहिला. आयुष्यभर मी व्यासपीठावरून असल्या अहवालांच्या चिंध्या केल्या, आणि माझ्या पाठचा भाऊ त्यातली एक चिंधी मनोऱ्यावर निशाण म्हणून फडकवतो. परक्याने केलं असतं तर मी गोदीच्या फाटकावर सभा घेतली असती. तुझ्याविरुद्ध कुठे उभी राहू?

पण भांडायला पत्र लिहीत नाही. भांडण मला तोंडी जमतं. परवा मी एकटी नव्हते, आई बरोबर होती. चौकशीत लोक हसले होते हे बाबांनी तिला कधी सांगितलं नाही. ‘माझं ऐकून घेतलं नाही’ एवढंच म्हणाले. तुझा आवाज आला तशी ती माझा दंड धरून उभी राहिली. ‘डोळा लागला होता’ ऐकलं आणि तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. म्हणाली, ‘बघ, माझ्या लेकाने शेवटी सगळ्यांदेखत सांगितलं, ते जागेवर होते म्हणून!’ मग लोक हसले. ‘हे का गं हसतात?’ तिने विचारलं. सभा गाजवणारी मी, तिथे खोटं बोलले. पोरं आहेत, म्हटलं, कशालाही हसतात. तिला ते पटलं. आता येत्या रविवारी ती सगळ्या आळीला तुझं बोलणं ऐकवायला घेऊन येणार आहे, पुढच्या बाकावर बसणार आहे. आणि तुला निरोप द्यायला मला बजावलंय, म्हणून हे पत्र. तिचेच शब्द लिहिते: ‘शाबास रे बाळा, बापाचं नाव राखलंस.’

अजून तरी तुझीच,
ताई