दादाच्या पिंडापुढचा कावळा

मु. गोरेगाव, सोमवार

तीर्थरूप व्यंकटमामांस संतरामचा साष्टांग नमस्कार.

वर श्री घातलेलं नाही. दुखवट्याचं पत्र आहे. तुमच्या पायांची सूज उतरली का? तेवढ्यामुळे दादाच्या दहाव्याला येता आलं नाही, हे मनाला लावून घेऊ नका.

दादाचं पोट शेवटी घागरीएवढं झालं होतं, म्हणून गावानं ठरवून टाकलं की ग्यानबा चोरून पीत होता. (चोरून पिणारा घरात दुसराच होता, हे तुम्हांला ठाऊक आहे.) हिंगोलीच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं होतं. यकृत दगडासारखं होतं ते दारूनं, तसंच जुन्या काविळीनंही. दोन्ही एकाच माणसात भेटली तर घाई करतात. लहानपणी आम्हा दोघा भावांना एकाच पावसाळ्यात कावीळ झाली होती. भिकाबाईनं मंतरलेल्या माळा घातल्या, माळा पोटापर्यंत उतरल्या, आम्ही समजलो कावीळ गेली. डॉक्टरांनी माझंही पोट दाबलं, बराच वेळ दाबलं, आणि विचारलं, पिता का? मी सदरा खाली ओढून घेतला. खाटेवरून दादाच म्हणाला, "माझा भाऊ पेत न्हाई, साहेब."

काल ओढ्यावर पिंड मांडला. एकच कावळा आला आणि दगडावर बसला. पिंडाकडे पाठ, तोंड माझ्याकडे. आशावहिनीला सांभाळू म्हटलं, पोरीचं लग्न करू म्हटलं. हलला नाही. अखेर फुलसिंगानं कमरेची बाटली काढून पिंडापुढं धार धरली. (गाव अशा कामात तयारीचं असतं.) कावळा दोन पावलं मागं सरकला. दादा पीत नव्हता, हे तेव्हा सगळ्यांना पटलं. पण पिंड तसाच. ऊन डोक्यावर आलं तरी तो मान वाकडी करून माझ्याकडे बघून राहिला. मी उशिरा घरी आलो की दादा बघायचा, तसा. मी अगदी हळू म्हणालो, "दादा, आजपासून बंद."

तो उडाला आणि पिंडाला शिवला. ठार बहिऱ्या चतुराबाईला नेमकं तेवढंच ऐकू आलं, आणि तिनं ते साऱ्या ओढ्याला सांगितलं.

आपला भाचा,
संतराम

ता. क. तुमच्या आंब्याखाली आपण पुरलेलं मोहाच्या दारूचं मडकं ओतून टाका. माझा वाटा तुम्ही पिऊ नका.

आणखी ता. क. दादाची सूजही पायांपासूनच सुरू झाली होती. गुरुवारी बैलगाडी घेऊन येतो, हिंगोलीला चला. मलाही एकट्याला जायची भीती वाटते.

शेवटचं. पिंडाला शिवून कावळा झाडावर गेला नाही. सरळ तुमच्या गावाच्या, डोंगरकड्याच्या दिशेनं गेला. तुमच्या छपरावर बसला असेल तर हुसकू नका. काय ते सांगून टाका. हळू सांगितलं तरी चालतं.