पटावरची मुलगी

आई, आज शुक्रवार. तुझा जावई संध्याकाळच्या गाडीने येईल, गाडी नेहमीसारखी उशिरा असेल, आणि तोवर घरात आम्ही दोघीच आहोत. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला तुझी नात अक्षरं गिरवते आहे, दुसऱ्या टोकाला मी तुला लिहिते आहे. तू तिला पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर आधी तिची पेन्सिल धरण्याची पद्धत सुधारली असतीस आणि मग तिला जवळ घेतलं असतंस. तुझा क्रम नेहमी तोच असायचा. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझं तुझ्याशी एक भांडण शिल्लक आहे, आणि गेल्या वर्षभरात ते अशा वळणावर आलंय की माझी बाजू कोणती हेच मला कळेनासं झालंय.

आम्ही राहतो ते गाव कोलोनपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. इथली प्राथमिक शाळा तू शिकवायचीस त्या शाळेएवढीच, पहिली ते चौथी. छप्पर गळतं, हीटिंग जुनाट, आणि मुलांना दुपारी जेवायला बसवायला खोली नाही. इथे आईबापांना शाळा निवडता येते, त्यामुळे नोकरी करणारे लोक शेजारच्या शहरातली शाळा निवडतात, कारण तिथे दुपारचं जेवण मिळतं. मुलं कमी म्हणून पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून मुलं कमी. तुला हे काही नवीन नाही. नगरपालिकेने ठरवलं होतं की पुढच्या वर्षीचा पहिलीचा वर्ग पुरता भरला तर मोठं कर्ज काढून इमारत दुरुस्त करायची, नाहीतर शाळा बंद करून सगळ्यांना बसने शहरात पाठवायचं. मी तेव्हा किंडरगार्टनच्या पालक समितीवर होते, आणि पहिलीत जाणारी मुलं आमच्याच किंडरगार्टनमधली. तुझा जावई म्हणाला, "घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. तू कशाला पडतेस यात?" पण मी पडले. जूनच्या उन्हात तुझ्यामागून वीटभट्टीवर आणि धनगरवाड्यावर फिरलेली मुलगी घरात बसून कशी राहणार?

तुझा नियम होता, दारात जाऊन "पोराला शाळेत घाला" असं म्हणायचं नाही. आधी पाणी मागायचं. पाणी दिलं की माणूस बसा म्हणतो, आणि बसलं की पोराचा विषय निघतोच. इथे कुणी न कळवता कुणाची बेल वाजवत नाही, रविवारी दुपारी तर नाहीच. मी नेमकी रविवारी दुपारीच वाजवली. समोरच्या घरात इस्पितळात नर्स असलेली एक बाई मुलाला घेऊन एकटी राहते. मी पाणी मागितलं तर ती घाबरली. म्हणाली, "तुमच्याकडचं पाणी गेलंय का? घरमालकाला फोन करू?" मी म्हटलं, नाही, मला फक्त प्यायला हवंय. तिने मला जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, "गॅसवालं की साधं?" दुसरा ग्लास संपेपर्यंत ती आपण होऊन बोलू लागली. तिच्या ड्युटीच्या वेळा विचित्र, शहरातल्या शाळेचा अर्ज भरून तयार होता. शेवटी तिने मला विचारलं, "तुमची मुलगी इथे नक्की येणार?" मी म्हटलं, "गेनाऊ. नक्की." ती म्हणाली, "आल्झो, मग माझाही येईल." अशी मी बरीच घरं फिरले. वर्ग भरला, पण काठोकाठ, एकही मूल जास्त नाही.

आता माझं जुनं भांडण. मी चौथीत असताना दिवाळीनंतर तू मला तालुक्याच्या इंग्रजी शाळेतून काढलंस आणि तुझ्या शाळेत आणून बसवलंस. पट कमी पडत होता, दुसऱ्या शिक्षकाचं पद जाणार होतं. ट्रॅक्स जीपमधून ये-जा, निळा टाय, माझ्या मैत्रिणी, सगळं एका सोमवारी संपलं. मी विचारलं, "मला का आणलंस?" तू म्हणालीस, "तुझ्या भल्यासाठी." मला तेव्हाही ते पटलं नाही. शाळेत तुला बाई म्हणायचं होतं. एकदा तोंडातून आई निघालं तर सगळा वर्ग हसला, आणि तू फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिलीस. मग तपासणीचा दिवस. साहेब बाकांमधून फिरतात, एकेका पोराला उभं करतात, नाव विचारतात. माझ्यापाशी थांबून, माझ्या बुटांकडे बघून विचारतात, "ही मुलगी कुणाची?" तू म्हणतेस, "आमच्या शाळेची." मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. तू मला आपली म्हणाली नाहीस, याचं रडू. त्या संध्याकाळी तू शिरा केलास, बेदाणे घालून. मी ताटाला हात लावला नाही. पुढे ही गोष्ट मी कॉलेजात सांगितली, लग्नानंतर नवऱ्याला सांगितली, इथे येऊन मैत्रिणींना सांगितली. शाळेपुढे जिला स्वतःची मुलगी दिसली नाही अशी आई, असंच सांगत आले.

तर वर्ग भरला, आणि नगरपालिकेच्या बैठकीला चार दिवस उरले असताना तुझा जावई कामावरून आला तो बूट न काढताच खुर्चीत बसला. इथला प्रोजेक्ट संपत होता. हेर्त्सोगेनआउराखला, म्हणजे इथून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, चांगली जागा मिळत होती. "टीम लीड आहे, अगं. आणि इथे थांबून करू काय? तिकडे शाळा आहेत, आपली दोन-तीन मराठी घरंही आहेत." त्याचं काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, आपली एक कमी झाली तर वर्ग होत नाही, वर्ग झाला नाही तर कर्ज नाही, आणि समोरच्या बाईने माझ्या शब्दावर अर्ज फाडलाय. तो म्हणाला, "एका शाळेसाठी आपण आपलं घर इथे अडकवायचं?" हाच प्रश्न मी तुला तीस वर्षं विचारत आले होते. त्यानंतरचे चार दिवस आम्ही एकमेकांशी फक्त भाजी आणि कचऱ्याचे डबे यावर बोललो.

बैठकीला नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. नर्सबाई ड्युटीचे कपडे न बदलता आली होती. नगरपालिकेचा हिशेब बघणारे गृहस्थ उभे राहिले. सभ्य, सावकाश बोलणारे. म्हणाले, कर्ज आपण कित्येक वर्षं फेडणार आणि मूल चार वर्षांत शाळा सोडून जातं, तेव्हा निदान ही मुलं तरी येणार याची खात्री कोण देतं? मग माझ्याकडे वळले. "तुमच्यासारखी कुटुंबं कंपनी सांगेल तिकडे जातात. मी तक्रार करत नाही, पण विचारायला हवं. तुमची मुलगी ऑगस्टमध्ये इथे असेल का?" मला इतका राग आला की कान तापले. ते परक्या लोकांबद्दल बोलले म्हणून नव्हे. त्यांचं बरोबर होतं म्हणून. नर्सबाई माझ्याकडे बघत होती, तिच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. समोरच्या टेबलावर मुलांच्या नावांचा कागद होता. मी उठले आणि म्हणाले, "ती माझी मुलगी आहे. ती येणार आहे." पहिलं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. हिशेबाचे गृहस्थ जरा गोंधळले, हो, हो म्हणत खाली बसले, आणि थोड्या वेळाने हात वर झाले. कर्ज मंजूर झालं.

घरी आले तेव्हा नवरा कपड्यांच्या घड्या घालत होता. म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "कर्ज मंजूर झालं. मी सांगून आले, ही इथेच शाळेत जाणार." त्याने हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाला, "मला विचारायचं तरी होतंस." त्याने हेर्त्सोगेनआउराखची जागा घेतली. तो तिकडे एका खोलीत राहतो आणि शुक्रवारी येतो. ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी इथे मुलांच्या हातात खाऊने भरलेला मोठा कागदी कोन देतात, तो सांभाळत तुझी नात परांचीखालून वर्गात गेली. नर्सबाईचा मुलगा तिच्या शेजारी बसतो. छपराचं काम चालू आहे. तू निवृत्त झाल्यावर तुझी शाळा काही वर्षांत बंद पडली, हे तुला माहीत आहे. ही किती टिकेल, देव जाणे.

काल हिने मला विचारलं, तिच्या जर्मनमध्येच, की पप्पा माझ्या शाळेमुळे तिकडे राहतो का. मी मराठीत म्हटलं, "तुझ्या भल्यासाठी, सोन्या." तिने माझ्याकडे जे पाहिलं ना आई, ते पाहणं मला चांगलं ओळखीचं होतं. खाण तशी माती. मी उठले आणि शिरा करायला घेतला. तिने खाल्ला, पण पप्पासाठी ठेव म्हणून अर्धा बाजूला काढला.

हे पत्र मी कुठे पाठवणार? नवरा आला की टेबल आवरायचं आहे, तेव्हा हेही आवरलं जाईल. पण त्याआधी एक सांगते, कारण इतकी वर्षं ती गोष्ट सांगताना मी एक तपशील गाळत आले. साहेबांनी विचारलं आणि तू "आमच्या शाळेची" म्हणालीस, तेव्हा तुझा हात माझ्या डोक्यावर होता. सबंध वेळ होता. मी "माझी मुलगी" म्हणाले, बैठकीत, सगळ्यांसमोर, ठणकावून. आणि म्हणताना मला तिचा चेहरा आठवत नव्हता. मी कागदावरची मुलं मोजत होते.