कोमट पाणी

४ जानेवारी २००४
मेला तो गिझर! आज नुसती वाफ ओकत होता. सुनेनं — अश्विनीनं — नळाखाली हात धरला अन् किंचाळलीच. मी नातीला पायांवर आडवी घेऊन बसलेली. महिन्याचं लेकरू! अमृत म्हणाला, "आई, थर्मोस्टॅट गेलाय. पाणी तापलं तरी ते बंदच व्हत नाय." जन्मभर बंबाचं पाणी काढलं, गार पाण्याचं विसण घातलं, हात बुडवला की झालं. हा अमृतसुद्धा तसाच न्हाला. गल्लीतली निम्मी पोरं माझ्याच पायांवर न्हाली. बंबाला कुठला आलाय थर्मोस्टॅट!

६ जानेवारी
मंचरहून गिझर दुरुस्त करणारा हौशीराम आला, नवा थर्मोस्टॅट बसवून गेला. "आता बिनघोर ऱ्हावा, काकू."
हातापायाला मुंग्या फार. शुगरची गोळी संपलीय.

७ जानेवारी
कसलं बिनघोर! हात बुडवला — कोमट. एवढ्या थंडीत लेकराला कोमट पाणी? विसण घातलंच नाही. पहिला तांब्या ओतला अन् पोर कळवळली. पाठ लालभडक! बादलीत कोमट, अंगावर कढत — हा काय खेळ? अश्विनीनं तिला माझ्या पायांवरून उचलून नेलं. अमृतला म्हटलं, हौशीरामानं बिघडलेलाच माल बसवलाय. जेवण गेलं नाही.

९ जानेवारी
आजही अश्विनीनंच न्हाऊ घातलं. दार लावून.

११ जानेवारी
हौशीराम आला. मी त्याच्यासमोर भरल्या बादलीत हात बुडवला. "बघ, कोमट हाय का न्हाई?"
त्यानं बोट लावलं अन् माझं मनगट धरून हात वर ओढला. "काकू, लई कढत हाय! गिझर नीट हाय वो. तुमाला भाजलं न्हाई का?"
नाही भाजलं. संध्याकाळी तळहाताला फोड आले, तेही नुसते दिसले. डॉक्टर मागंच म्हणाले होते, मुंग्या अंगावर काढू नका, शुगर आहे. याच हातानं लेकराचं पाणी बघत होते मी! देवा, फार रडले.

१३ जानेवारी
अश्विनी आपणहून म्हणाली, "आई, पाणी मी बघते. पण पोर तुमच्याच पायांवर न्हाईल."
पाय पसरून बसले. पोर पायांवर, पाठ बरी झालीय. केवढं बरं वाटलं! पाणी अजून ओतायचं होतं, तेवढ्यात अश्विनी हसली — "आई, शू केली की वो हिनं!"
खाली पाहिलं. दोन्ही पाय ओले. मला कळलंच नव्हतं.
मीही हसले.