तांडेलचाचा बोलले नव्हते

अब्बा, परवा तुमची पणती मला दुबईला जपानी हॉटेलात जेवायला घेऊन गेली. शारजाहून निघालो ते दीड तास रस्त्यातच, गाडी मुंगीच्या पावलाने, आणि ती मला समजावतेय की नाना, इट्स कॉल्ड सोबा, कोल्ड नूडल्स, यू डिप अँड ईट. मी म्हटलं, पोरी, तुझ्या आईचा जन्म व्हायच्या आधीपासून मला सोबा ठाऊक आहे, माझा बाप अबू धाबीत जपान्यांना सोबा करून घालायचा. तिने गाडी चालवता चालवता माझ्याकडे असं बघितलं, की म्हाताऱ्याचं आता काही खरं नाही. हॉटेल चकाचक, विसाव्या की बाविसाव्या मजल्यावर, काचेपलीकडे एक जपानी माणूस पीठ लाटून सुरीने कापत होता. बांबूच्या चटईवर करड्या रंगाच्या शेवया आल्या, शेजारी वाटीत ते काळं पाणी. मी वाढणाऱ्या मुलीला विचारलं, यात दारू असते ना? नात ओशाळली, "नाना, प्लीज," म्हणाली. ती फिलिपिनो पोरगी मात्र हसून म्हणाली, नो सर, आम्ही त्याच्याऐवजी खजुराचा पाक घालतो. झालं, खलास. पहिला घास माझ्याच्याने गिळवेना. नातीला वाटलं तिखट लागलं, तिने पाणी पुढे केलं.

हे लिहितोय, कारण एक गोष्ट तुम्ही चुकीची मनात धरून गेलात. तांडेलचाचा बोलले नव्हते. तुमच्या शेजारच्या वाडीतला, तुमच्याबरोबर पोहायला शिकलेला, तुमच्याच बोटीवर तुमच्याबरोबर खलाशी झालेला दोस्त, ज्याच्याशी तुम्ही शेवटपर्यंत बोलला नाहीत, त्याचा काडीचाही दोष नव्हता. बोललो मी होतो. बघा, एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नासाच्या वर वर्षं लागली, आणि तेही तुम्ही वाचणार नाही याची खात्री आहे म्हणून. असा तुमचा मुलगा.

तेव्हा अबू धाबी म्हणजे होतं काय? वाळू, झावळ्यांच्या झोपड्या, सिमेंटच्या चार नव्या इमारती आणि समुद्रात तेल शोधणाऱ्यांचे पत्र्याचे कॅम्प. तुम्ही बोटीवरचे भंडारी, साहेबांचा रोस्ट आणि खलाशांचा भात एकाच चुलीवर रांधलेला माणूस. जपान्यांच्या कॅम्पात लागलात आणि सहा महिन्यांत त्यांचं जेवण शिकलात. मी एकोणीस वर्षांचा, मॅट्रिक, टायपिंगची परीक्षा पास. तुम्हीच साहेबाच्या मागे लागून माझं एनओसी काढलंत आणि मला स्टोअरमध्ये चिकटवलंत. माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे तुमचं स्वयंपाकघर. मी आत्ताही बघतोय: तुम्ही मोठ्या पातेल्यातून शेवया उपसताय, बर्फाच्या पाण्यात दोन्ही हातांनी धुताय, अम्मा तांदूळ धुवायची तशा. पंखा गरम वारा फेकतोय, तुमची बनियन पाठीला चिकटलीय. तो लाकडासारखा कडक वाळवलेला मासा तुम्ही किसताय. पहिल्यांदा तो हातात आला तेव्हा नाकाशी धरून तुम्ही म्हणाला होतात, अरे, हा तर आपला गेदर. परक्यांच्या घरात एक ओळखीचा माणूस भेटला, म्हणून दिवसभर खुशीत होता.

त्या काळ्या पाण्यात मात्र एक बाटली पडायची. तांदळाची गोड दारू. तिच्याशिवाय चव येत नाही म्हणायचे ते लोक. तुम्ही एकदा खजुराचा पाक घालून बघितलात. त्यांनी अर्ध्या वाट्या तशाच ठेवल्या, आणि मेसच्या साहेबाने कमरेत वाकून, अगदी अदबीने सांगितलं, की बाटलीच घाल. तुम्ही घातलीत. पण चाखलं नाही, एकदाही नाही. रोज्यात बायका कालवणाचा थेंब जिभेच्या टोकावर ठेवून मीठ बघतात आणि थुंकून टाकतात, त्याची मुभा आहे. तुम्ही तेवढंही केलं नाहीत. वासाने ओळखायचात, रंग बघायचात, आणि पहिली वाटी एका म्हाताऱ्या इंजिनिअरपुढे ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचात. त्याने कपाळाला आठी घातली की आत जाऊन पाणी वाढवायचं, त्याने मान हलवली की बाकीच्यांना वाढायचं. आपल्याला जिची चव ठाऊक नाही अशी वस्तू चाळीस माणसांना रोज खाऊ घालायची आणि त्यांनी भुरके मारत संपवायची! तुम्ही केवढे कारागीर होता, हे मला परवा कळलं. तेव्हा मला फक्त बाटली दिसली.

ती सुद्धा मी आधी कागदावर बघितली. बोटीने आलेल्या सामानाची यादी टाइप करत होतो, त्यात तिचं नाव आलं, कंसात लिहिलेलं, स्वयंपाकासाठी. मी उठून भिंतीपलीकडे आलो आणि विचारलं, अब्बा, हे काय आहे? तुमच्या हातात पातेलं होतं, जेवणाची वेळ होत आलेली. तुम्ही वर न बघता म्हणालात, "तू तुझं टाइपिंग बघ." मदतनिसांसमोर म्हणालात. ते दोघे हसले. मला राग आला, अब्बा. पुढे मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत राहिलो, की दीन-ईमानाची काळजी वाटली म्हणून मी विचारायला गेलो. काळजी होती, नाही असं नाही, त्या वयात जन्नत-जहन्नम फार जवळ वाटतं. पण अर्धा तो राग होता, मोठा झालेला मुलगा आणि त्याला चारचौघांत गप्प केला याचा. मी तसाच हाफिजसाहेबांच्या खोलीवर गेलो. आपल्या कोकणी लोकांची नमाज तेच पढवायचे. मी नाव घेतलं नाही. म्हटलं, एखादा माणूस दारू घालून जेवण करत असेल, स्वतः चाखत नसेल, तर त्याच्या हातचं आपण खावं का? हाफिजसाहेब काही दुधखुळे नव्हते. अबू धाबीत जपान्यांना रांधणारे कोकणी होतेच किती? खोलीतून बाहेर पडलो तर समोरून तांडेलचाचा येत होते, कॅम्पची लाँच तेच चालवायचे. म्हणाले, काय रे, आज इकडे कुठे? मी म्हटलं, असंच.

मग तो शुक्रवार. जुम्म्यानंतर सगळ्या कॅम्पांतले आपले लोक तुमच्या हातचं जेवायला यायचे, पंचवीस-तीस माणसं, कॅम्पामागे ताडपत्री बांधून. आठवडाभर डब्यातलं खाल्लेली माणसं तुमच्या देगेचं झाकण निघालं की खोबऱ्याच्या वाटणाच्या वासाने अर्धी घरी जाऊन यायची. त्या दिवशी झाकण निघालं आणि कुणी सरकून जवळ बसेना. एक म्हणाला पोट बिघडलंय, एक म्हणाला नफल रोजा धरलाय, दोघांनी बिस्किटांचा डबा उघडला. तुम्ही ओगराळं हातात धरून उभे. आधी तुम्हाला थट्टाच वाटली, म्हणालात, यल्ला, बसा रे, गार होतंय. मग हाफिजसाहेबांच्या खाली घातलेल्या मानेकडे बघितलंत आणि तुमचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात तांडेलचाचा किनाऱ्यावरून आले, हात धुतले, मांडी घातली आणि दोनदा भात मागून घेतला, जसं काही झालंच नाही. मीही जेवलो. तुमच्या शेजारी बसून जेवलो, कारण न जेवतो तर तुम्हाला माझा संशय आला असता. तुम्ही देगेत हात घालून नळीचं हाड शोधलंत आणि माझ्या ताटात ठेवलंत. ते मी चोखून खाल्लं, अब्बा. लाज वाटते सांगायला, पण चांगलं झालं होतं.

हाफिजसाहेबांनी तुम्हाला एवढंच सांगितलं, की तुमच्याच माणसाने विचारलं, नाव मी घेणार नाही. तुम्ही हिशेब मांडलात: बोटीवरून पेट्या तांडेल उतरवतो, बाटल्या त्याने बघितल्यात, एकदा हसलाही होता. शुक्रवारी एकटा जेवला तो गुन्हा झाकायला. मुलगा? मुलगा तर शेजारी बसून जेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बरोबर घेऊन तुम्ही जेट्टीवर गेलात. चाचा लाँचवर दोर गुंडाळत होते. तुम्ही खालूनच विचारलंत, "तांडेल, माझ्या अन्नात माती तू कालवलीस?" चाचांनी दोर ठेवला. आधी तुमच्याकडे बघितलं, मग तुमच्या खांद्यावरून माझ्याकडे. त्यांना कळलं. मला हाफिजसाहेबांच्या दारात बघितलं होतं ना त्यांनी. मला तोंड उघडायला भरपूर वेळ होता, अब्बा, कुणी घाई केली नव्हती. चाचा म्हणाले, "होय. माझ्याच तोंडून गेलं. माफ कर." तुम्ही म्हणालात, "आजपासून तू मला मेलास." आणि परत फिरताना माझ्या खांद्यावर हात ठेवलात, आधाराला.

महिन्याभरात तुम्ही कॅम्प सोडला. साहेबाने दोनदा थांबवून बघितलं. तो म्हातारा इंजिनिअर दारापर्यंत पोचवायला आला आणि कमरेतून वाकला. शारजात, रोल्ल्याच्या बाजारात, एका गाववाल्याच्या खाणावळीत तुम्ही मासळीचं कालवण-भात करायला लागलात. तिथे सगळं चाखता यायचं, आणि तरी तुमचं मन लागलं नाही. मला वाटायचं नोकरीचं दुःख आहे. नोकरीचं नव्हतं. संध्याकाळी काम आटोपल्यावर बोलायला कुणी नव्हतं, ते होतं. मी शेजारीच होतो, पण माझ्याशी तुम्ही काय बोलणार? लहानपणीची एखादी आठवण अर्धी सांगायचात, आणि दुसऱ्या अर्ध्यात तांडेल आला की मूग गिळून गप्प. मीही तेव्हा सांगू शकलो असतो. रोज ठरवायचो, आज जेवल्यावर सांगतो, उद्या जुम्मा आहे, उद्या सांगतो.

नातीने परवा विचारलं, "नाना, युवर फादर मस्ट हॅव लव्ड सोबा?" मी म्हटलं, त्यांनी कधी खाल्लाच नाही. ती म्हणाली, "सीरियसली? व्हाय?" आणि मी विषय बदलला, पार्किंगचं काहीतरी विचारलं. शेवटी त्या मुलीने शेवया उकडलेलं गरम पाणी एका लाकडी भांड्यातून आणलं, ते उरलेल्या काळ्या पाण्यात ओतून प्यायचं असतं म्हणे. मी प्यायलो. पेजेसारखं लागतं, अब्बा, थोडं खारट, थोडं गोड, पोटाला बरं वाटतं. नातीने माझा हात धरून लिफ्टपर्यंत नेलं, आणि गाडीत मी रडलो. तिने रेडिओ बंद केला. आज हे सगळं लिहून काढलं. हे कुठे पाठवायचं? तुम्ही इथल्याच कबरस्तानात आहात, चाचा गावी, त्यांच्याही कबरीला आता कित्येक वर्षं झाली. कागद माझ्या औषधांच्या डब्याखाली राहील. मी गेल्यावर पोरं काढतील, पण त्यांना मराठी वाचता येत नाही.

एक राहिलं, आणि तेच लिहायला मी बसलो होतो. तुम्हाला कावीळ झाली, डोळे हळदीसारखे झाले, डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की इन्शाल्ला म्हणा आणि घरच्यांना कळवा. त्या आठवड्यात तुम्ही मला दोनदा म्हणालात, "तांडेलला निरोप दे. म्हणावं, येऊन जा." मी दोन्ही वेळा सांगितलं, चाचा लाँच घेऊन बसऱ्याला गेलेत, आले की आणतो. मला भीती वाटली, की तुम्ही माफ करायला लागाल आणि चाचा खरं बोलून जातील. चाचा बसऱ्याला गेले नव्हते. तुम्ही शारजाला आल्यावर वर्षभरातच ते इथल्या एका व्यापाऱ्याच्या लाँचवर लागले होते, तुम्हाला ठाऊकही नव्हतं. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी, असरच्या नमाजाच्या सुमाराला, दुपार कलल्यावर मी तुमचं औषध घेऊन परत येत होतो, तर रोल्ल्याच्या वडाखाली चहाच्या बाकावर ते बसलेले. मला बघून उठले, ग्लास तसाच हातात. "कसा आहे रे तुझा बाप? येऊ का आत्ता?" मी म्हटलं, "झोपलेत, चाचा." ते परत बसले. तुम्ही जागे होता, अब्बा.