क्लाऊसच्या पानावरचं एक वाक्य

होल्मस्टेड, आयोवा
१४ ऑक्टोबर २०१९

प्रिय डोरीन,

तुझं पाकीट गेल्या मंगळवारी पोचलं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, एवढंच. मका अजून निम्मा शेतातच उभा आहे; पावसाने यंदा सगळ्यांनाच उशीर केला. तुझ्या नातीचा पडलेल्या दाताचा फोटो फ्रिजवर लावला आहे.

तू घराण्याच्या मेळाव्यातून लवकर निघालीस म्हणून सांगते, यंदा एकशे चौदा माणसं आली. रेनहोल्डकाकांविना पहिलाच मेळावा. बटाट्याचं सॅलड आठ जणींनी आणलं होतं आणि कुणाचं चांगलं यावरून नेहमीसारखं वाजलंच.

आपल्या घराण्याचं पुस्तक जवळजवळ झालं. जर्मनीतल्या होल्स्टाइनच्या चर्चच्या वहीत पणजोबा डेटलेफ सापडले, जहाजाच्या यादीतही सापडले. १८७१, हाम्बुर्गहून, वय तेवीस, धंदा शेतमजूर. घरात सगळे 'जमीनदार' म्हणायचे. मी शेतमजूरच लिहिलं आहे.

तुझ्या आजोबांवरचं, क्लाऊसवरचं पान तू छान लिहिलं आहेस. त्यातलं एक वाक्य मात्र मला छापता येणार नाही. 'शेजारच्या पाऊलसेन बाईंनी चहाडी केली', हे.

ती हकीकत मी पुस्तकात अशी लिहिली आहे. १९१८ चा मे महिना. जर्मनीशी युद्ध चालू होतं आणि राज्यात चारचौघांत, चर्चमध्ये, फोनवरसुद्धा जर्मन बोलायला बंदी झाली होती. एका तारेवर सहा घरांचे फोन. कुणीही उचलून ऐकावं. तुझी आजी वीबके हिने आपल्या आईला फोन केला. आई आजारी, तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. 'खोकला कसा आहे? दूध घेतलंस का?' एवढंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या देशनिष्ठा समितीची माणसं आली. देशद्रोह्याची खूण म्हणून दारावर पिवळा रंग फासला आणि क्लाऊसना गावात नेऊन सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसवून झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं. वर्षभरात शेत विकून ते चाळीस मैल दूर गेले. वीबकेची आई त्याआधीच वारली होती. त्या दिवसानंतर मायलेकींचं फोनवर बोलणं झालं नाही.

इथवर तुला ठाऊक आहे.

समितीचे कागद राज्याच्या दप्तरखान्यात आहेत. त्यांत तक्रारीची चिठ्ठी आहे. तीन ओळी, इंग्रजीत, हस्ताक्षर नीटनेटकं. शेवटची ओळ अशी: 'माझ्या घरात फक्त इंग्रजीच बोलली जाते.' खाली सही एमिल हार्कसेन. क्लाऊसचा सख्खा धाकटा भाऊ. माझे आजोबा.

का केलं, ते चिठ्ठीत नाही. भीतीने केलं असेल. मला मांडीवर घेऊन वाचायला शिकवलं ते त्यांनीच, म्हणून मी बरीच वर्षं त्यांच्यासाठी कारणं शोधत होते. आता शोधत नाही.

ही चिठ्ठी मला २०११ साली सापडली.

साल मी चुकून लिहिलेलं नाही, डोरीन. तुझे बाबा, रेनहोल्डकाका, यंदा मार्चमध्ये गेले. मधल्या प्रत्येक मेळाव्यात ते मला टेबलापाशी बोलावून विचारायचे, "काय गं, सापडला का तो चहाडीचा कागद?" मी म्हणायचे, "नाही काका." त्यावर ते म्हणायचे, "शोध, शोध. मला कुठे घाई आहे!" तेव्हा ते नव्वदीला टेकले होते.

मर्ल पाऊलसेन तुला आठवत असतील. त्या बाईंचा नातू. वृद्धाश्रमात दोघं तीन वर्षं शेजारच्या टेबलांवर जेवायचे. मी गुरुवारी जायचे. एकदा मर्लनी पत्ते पिसत विचारलं, "रेनहोल्ड, डाव मांडू का? एक गडी कमी पडतोय." काकांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि मला मोठ्याने म्हणाले, "हळू बोल मार्लिस, पाऊलसेन ऐकतायत." मर्ल खाली बघून एकटेच पत्ते लावत बसले. मी काकांचं सूप ढवळत होते. चिठ्ठीची नक्कल त्या वेळी माझ्या पर्समध्ये होती. सांगायचं ठरवूनच गेले होते. सांगितलं नाही. मर्ल २०१७ मध्ये वारले.

आजोबांचं नाव राखायला गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत आले. ते तितकंसं खरं नाही. मेळावा मी भरवते. मला नवरा नाही, मूल नाही. वर्षातला एक रविवार ती शंभर माणसं मला मावशी, आत्या म्हणतात. क्लाऊसच्या शाखेची निम्मी माणसं यायची थांबतील, ही भीती होती. मी तुझ्या बाबांचं उत्तर दाबून ठेवलं आणि त्यावर मेळावा भरवला.

तुझं पान वाचलं आणि शनिवारी मर्लच्या मुलीकडे, जनेलकडे गेले. दारातच सगळं सांगितलं. तिने चिठ्ठी दोनदा वाचली.

"आठ वर्षं?" ती म्हणाली.

"हो."

"शाळेत मला 'चहाडखोरीण' म्हणायचे, माहीत आहे? जाऊ दे माझं. पण तुम्ही बाबांना हे सांगितलं असतं ना, तर ते त्याच दुपारी रेनहोल्डच्या टेबलावर जाऊन बसले असते. रागावलेसुद्धा नसते. त्यांना नुसतं बसायचं होतं."

तिने मला आत बोलावलं नाही. ते बरोबरच होतं.

क्लाऊसच्या पानाशेजारी चिठ्ठीचा फोटो छापते आहे, आणि खाली ती मी किती वर्षं दडवली तेही. नक्कल सोबत आहे. दुसऱ्या पाकिटात सगळ्यांचे पत्ते आहेत. पुढच्या ऑगस्टचं बोलावणं आता तू पाठव; त्या यादीत माझं नाव ठेवायचं की नाही, ते तूच ठरव. मी विचारणार नाही.

रेनहोल्डकाकांची क्षमा मागायची वेळ मी घालवली. तुझी मागते.

एमिल हार्कसेनची नात,
मार्लिस