चष्म्यावरची चमक

मंगळवार, संध्याकाळ

"तुह्या फोटोत मले डोळेच नसतात," असं कॉलेजातली रोहिणी म्हणाली, तेव्हापासून डोकं फिरलं होतं. तिच्या चष्म्यावरची ती चमक! आज खामगावात कॅमेऱ्यासाठी चमक कापणारा फिल्टर घ्यायला गेलो. दुकानदार म्हणे, "घे ना बे, सारे सारखेच." भडकलोच. एकेक फिल्टर मोबाइलच्या स्क्रीनसमोर धरून फिरवला; खरा असला, तर एका कोनात स्क्रीनचा उजेड अडतो. पहिले दोन नुसत्या काळ्या काचा निघाले. तिसरा, सगळ्यात स्वस्त, फिरवताच स्क्रीन पार काळी! तोच घेतला. कॉलेज सोडलं म्हणून काय अक्कल सोडली?

परत येऊन तिच्यासमोर कॅमेरा धरला. फिल्टर हळूहळू फिरवत गेलो, चमक विरली, डोळे दिसले. फोटो तिनं मोठा करून पाहिला. मग म्हणाली, "तू मले असं पाहतो?"

"हाव," म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं.